खांद्याची कंडरा तुटल्यावर स्नायूचे काय होते : प्राणी-संशोधनात नव्याने येणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

दंडाच्या हाडाच्या गोल डोक्यावर चार स्नायूंच्या कंडरांची मिळून जी टोपी बसलेली असते, तिला रोटेटर कफ म्हणतात. वरच्या बाजूला सुप्रास्पायनेटस, मागे इन्फ्रास्पायनेटस आणि टेरीस मायनर, पुढे सबस्कॅप्युलॅरिस असे हे चार स्नायू खवाट्यापासून निघतात. वाढत्या वयात या टोपीला भोक पडणे अतिशय सर्रास घडते. जपानमधील एका डोंगराळ गावातील रहिवाशांच्या १,३६६ खांद्यांची सोनोग्राफी केली असता २०.७ टक्के खांद्यांत कंडरा आरपार फाटलेली आढळली, असे २०१० साली प्रसिद्ध झाले, आणि त्यांत काहीही दुखत नसलेली माणसेही होती.

शल्यविशारद फाटलेली कंडरा पुन्हा हाडाला शिवू शकतात. अडचण पुढे येते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, मोठ्या फाटीच्या १८ रुग्णांच्या अभ्यासात दुर्बिणीतून शिवलेल्या कंडरेची किमान वर्षभराने सोनोग्राफी केली, तेव्हा १७ जणांची शिवण पुन्हा उसवलेली होती. टाका घालण्याच्या पद्धती त्यानंतर पुष्कळ सुधारल्या, तरी ज्या स्नायूत चरबी भरली आहे त्याच्या कंडरेला टाका धरत नाही, आणि धरला तरी हाताला पूर्वीची ताकद येत नाही, हा अनुभव कायम राहिला. म्हणून संशोधकांचे लक्ष कंडरेवरून स्नायूकडे वळले, आणि स्नायू आतून कसा बदलतो हे रुग्णाचा तुकडा काढून दर आठवड्याला पाहता येत नसल्यामुळे प्राण्यांवरील प्रयोगांचा आधार घ्यावा लागला.

या विषयात पीएच.डी.साठी, अस्थिरोग विषयाच्या प्रबंधासाठी किंवा प्रकल्प सहायक म्हणून नव्याने येणाऱ्यांसाठी हा लेख आहे. यात सर्वांत अधिक जागा प्राणी निवडण्याला आणि चरबी मोजण्याला दिली आहे, कारण या क्षेत्रातील बहुतेक चुकीचे निष्कर्ष या दोन ठिकाणी जन्माला येतात असे माझे मत आहे.

पहिली पायरी : चार बदल वेगवेगळे ओळखा

‘स्नायू खराब झाला’ हे वाक्य वहीत लिहू नये. कंडरा सुटल्यानंतर स्नायूत चार निरनिराळ्या गोष्टी घडतात. स्नायूतंतू बारीक होतात, म्हणजे स्नायू सुकतो. तंतूंच्या मधल्या जागेत चरबीच्या पेशी येतात. त्याच जागेत कोलॅजनचे जाळे दाट होऊन स्नायू कडक होतो. आणि ओढ सुटल्यामुळे सबंध स्नायू खवाट्याच्या आतल्या बाजूला आक्रसतो. हे चारही बदल एका वेळी, एका गतीने होतील असे नाही, आणि एकावर लागू पडणारे औषध दुसऱ्यावर लागू पडेलच असेही नाही.

रुग्णांमध्ये चरबी मोजण्याची जी श्रेणी आजही वापरली जाते ती फ्रान्समधील गूतालिए यांनी १९९४ साली सीटी स्कॅनवरून मांडली आणि पुढे ती एमआरआयसाठीही स्वीकारली गेली. शून्य म्हणजे चरबी नाही, एक म्हणजे चरबीच्या काही रेघा, दोन म्हणजे चरबी आहे पण स्नायू अधिक, तीन म्हणजे दोन्ही सारखे आणि चार म्हणजे स्नायूपेक्षा चरबी अधिक. प्राण्यांवरील कोणताही शोधनिबंध वाचताना, त्यातील ‘लक्षणीय चरबी’ या श्रेणीत कोठे बसेल, हा प्रश्न स्वतःला विचारावा. उंदरात तंतूंमध्ये चारदोन टक्के क्षेत्रफळ चरबी दाखवणाऱ्या रंगाने लाल झाले तरी त्याला संख्याशास्त्रीय महत्त्व येऊ शकते. ज्या रुग्णावर शस्त्रक्रिया करावी की नाही असा पेच पडतो, त्याच्या स्नायूतील चरबी याहून कितीतरी पुढच्या टप्प्यातली असते.

चरबी येते कोठून, याची दोन स्पष्टीकरणे नवख्याने आरंभीच समजून घ्यावीत. पहिले पेशींचे आहे. स्नायूतंतूला चिकटून असणाऱ्या सॅटेलाइट पेशी १९६१ पासून माहीत होत्या आणि तंतूची दुरुस्ती त्या करतात. मात्र तंतूंच्या मधल्या जागेत राहणाऱ्या, चरबी आणि तंतुमय ऊतक दोन्हींकडे वळू शकणाऱ्या वेगळ्या पेशी २०१० साली दोन संशोधकगटांनी स्वतंत्रपणे दाखवल्या. त्यांना संक्षेपाने ‘फॅप’ पेशी म्हणतात आणि पीडीजीएफआर-अल्फा या पृष्ठभागावरील प्रथिनावरून त्या ओळखल्या जातात. दुसरे स्पष्टीकरण यांत्रिक आहे. सुप्रास्पायनेटस आणि इन्फ्रास्पायनेटस यांचे तंतू पिसाच्या केसांसारखे तिरपे बसलेले असतात. कंडरा सुटून स्नायू आक्रसला की त्यांचा तिरपेपणा वाढतो, त्यांच्यामध्ये फटी पडतात आणि त्या फटी चरबीने भरतात, अशी मांडणी झुरिचच्या गटाने मेंढ्यांवरील प्रयोगांतून २००४ साली केली. माझ्या समजुतीप्रमाणे दोन्ही एकमेकांना छेद देत नाहीत. फट का पडते हे एक सांगते, आणि तिच्यात कोणती पेशी वाढते हे दुसरे सांगते.

दुसरी पायरी : आधी प्रश्न लिहा, मग प्राणी ठरवा

पुष्कळ प्रयोगशाळांत क्रम उलटा असतो. पिंजरे रॅटचे, म्हणजे मोठ्या जातीच्या उंदराचे, आहेत म्हणून प्रयोग रॅटवर होतो, आणि रॅटमध्ये जे घडत नाही ते घडवून आणण्यासाठी एकेक युक्ती जोडली जाते. नवख्या माणसाने आपला प्रश्न एका वाक्यात लिहून तो कागद टेबलासमोर लावावा आणि मगच पुढील प्राण्यांचा विचार करावा.

रॅटची निवड अपघाताने झालेली नाही. अमेरिकेतील सॉस्लोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली ३३ प्राण्यांच्या खांद्यांची माणसाच्या खांद्याशी तुलना करून रॅट निवडला. त्याची सुप्रास्पायनेटसची कंडरा माणसाप्रमाणेच हाडाच्या कमानीखालून जाते आणि पुढचा पाय टाकताना त्या कमानीखाली सरकते, हे त्यामागचे मुख्य कारण होते. कंडरा घासून कशी झिजते, शिवलेली कंडरा हाडाला कशी जुळते, या प्रश्नांना म्हणून रॅट उत्तम आहे. स्नायूतील चरबीच्या प्रश्नाला मात्र तो अपुरा पडतो. त्याची कापलेली कंडरा काही आठवड्यांत व्रणाच्या ऊतकाने आपोआप हाडाकडे जोडली जाते आणि नुसती कंडरा कापल्याने त्याच्या स्नायूत चरबी फारच थोडी भरते. म्हणून कंडरेसोबत सुप्रास्कॅप्युलर चेता, म्हणजे सुप्रास्पायनेटस व इन्फ्रास्पायनेटस यांना चालवणारी नस, कापण्याचा किंवा बोटुलिनम विषाचा वापर करून स्नायू लुळा पाडण्याचा मार्ग पुढे आला. चेता कापल्यावर चरबी दिसते, हे खरे आहे. पण कंडरा फाटलेल्या रुग्णाची ती चेता क्वचितच संपूर्ण तुटलेली असते, त्यामुळे अशा प्रयोगाचा निष्कर्ष लिहिताना ‘कंडरा व चेता दोन्ही तोडल्यानंतर’ हे शब्द शीर्षकातच असावेत, असा माझा आग्रह आहे.

माऊसचे, म्हणजे लहान उंदराचे, बलस्थान जनुकीय आहे. फॅप पेशी चमकणाऱ्या प्रथिनाने रंगवलेले किंवा एखादे जनुक हवे तेव्हा बंद करता येणारे माऊस उपलब्ध असल्यामुळे ‘कोणती पेशी, कोणता संदेश’ हा प्रश्न त्यांच्यातच सोडवावा. सॅन फ्रान्सिस्को येथील विद्यापीठातील गटाने २०१२ साली सुप्रास्पायनेटस व इन्फ्रास्पायनेटसच्या कंडरा आणि सुप्रास्कॅप्युलर चेता तोडून मोठ्या फाटीचे माऊसमधील प्रारूप मांडले, आणि त्यानंतरचे पेशीविषयक पुष्कळ काम त्याच वाटेने गेले. अडचण आकाराची आहे. सुप्रास्पायनेटसचे वजन शंभर मिलिग्रॅमही भरत नाही, त्यामुळे एकाच स्नायूतून स्लाइड, आरएनए आणि प्रथिने असे सारे मिळेल अशी आशा धरू नये.

सशात नुसती कंडरा तोडूनही स्नायूत चरबी येते. ती कंडरेकडच्या टोकाला अधिक असते, म्हणून स्नायूच्या कोणत्या भागातून काप घेतला यावर उत्तर बदलते. सशाची सबस्कॅप्युलॅरिसची कंडरा हाडाच्या बोगद्यासारख्या जागेतून जाते आणि त्यामुळे काही संशोधक सुप्रास्पायनेटसऐवजी तिचा वापर करतात.

मेंढी हे महाग, मंद, पण माणसाच्या सर्वांत जवळ नेणारे प्रारूप आहे, असे मी मानतो. झुरिचमधील गेर्बर यांच्या गटाने मेंढ्यांची इन्फ्रास्पायनेटसची कंडरा सोडवली, ती आपोआप जुळू नये म्हणून तिच्या टोकाभोवती सिलिकॉनची नळी बसवली, ४० आठवडे थांबून कंडरा पुन्हा शिवली आणि स्नायूकडे पाहिले. शिवण टिकली तरी भरलेली चरबी ओसरली नाही. रुग्णांबाबत डॉक्टरांना जो अनुभव येत होता, तो येथे नियंत्रित परिस्थितीत दिसला. तरीही मेंढीचा पुढचा पाय शरीराचा भार वाहतो, तिच्या खांद्यावर माणसासारखी कमान नाही आणि तिच्या कंडरा एकमेकींत मिसळून टोपी बनवत नाहीत. खरी टोपी वानरवर्गीय प्राण्यांत आढळते, पण नवख्याने त्या वाटेचा विचारही करू नये.

तिसरी पायरी : परवानगी आणि प्राण्यांची संख्या

भारतात असा कोणताही प्रयोग प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली आणि १९९८ च्या नियमांखाली येतो. संस्था सीसीएसईए या, प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या मध्यवर्ती समितीकडे नोंदलेली असावी लागते. जुने लोक तिला अजूनही सीपीसीएसईए म्हणतात. तुमचा प्रस्ताव ‘फॉर्म बी’वर संस्थेच्या प्राणी नीतिसमितीपुढे जातो. रॅट, माऊस, ससा यांबाबतचा निर्णय तेथे होतो, तर मेंढी, कुत्रा अशा मोठ्या प्राण्यांचे प्रस्ताव पुढे याच मध्यवर्ती समितीकडे पाठवावे लागतात. मंजुरीचे पत्र हाती येण्यापूर्वी प्राण्यांची मागणी नोंदवू नये.

फॉर्म भरताना नवखे ज्या रकान्यात अडखळतात तो संख्येचा आहे. ‘इतरांनी प्रत्येक गटात सहा घेतले म्हणून आम्हीही सहा’ हे उत्तर नाकारले जावे, असेच मला वाटते. किती फरक दिसला तर तो वैद्यकीयदृष्ट्या अर्थपूर्ण ठरेल हे आधी ठरवून, पूर्वीच्या मापनांतील चढउतारावरून संख्या काढावी. रसेल आणि बर्च यांनी १९५९ साली मांडलेली पर्याय शोधणे, संख्या घटवणे आणि वेदना कमी करणे ही त्रिसूत्री सर्वत्र उद्धृत होते, पण संख्या घटवणे म्हणजे उत्तर मिळणारच नाही इतकी ती कमी करणे असा अर्थ कोणी काढू नये. निष्फळ प्रयोगात वापरलेले चार उंदीरही वाया गेलेले असतात.

चौथी पायरी : शस्त्रक्रियेपूर्वी हात बसवा

जिवंत प्राण्याला हात लावण्यापूर्वी दुसऱ्या मंजूर प्रयोगातून उरलेल्या मृत प्राण्यांच्या खांद्यांवर सराव करावा. रॅटच्या खवाट्यावर बोट फिरवले की मधोमध उंचवटा लागतो. त्याच्या वरच्या खळग्यात सुप्रास्पायनेटस आणि खालच्या भागात इन्फ्रास्पायनेटस असतो. हा कंगोरा बोटाला ओळखता येऊ लागेपर्यंत कात्री हाती घेऊ नये. दंड हळूच आतबाहेर फिरवला की कमानीखालून सरकणारी पांढरी चकचकीत पट्टी दिसते, तीच सुप्रास्पायनेटसची कंडरा. दहा-बारा खांदे असे उघडून पाहिल्यावर ती चुकत नाही.

प्रत्यक्ष शस्त्रक्रिया प्रशिक्षित पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली, पूर्ण भूल आणि आधीपासून दिलेल्या वेदनाशामकासह व्हावी. तुलनेसाठी तीच चीर देऊन कंडरा न तोडता शिवून टाकलेला गट अवश्य ठेवावा. त्याच प्राण्याचा दुसरा खांदा ही सोयीची तुलना असली तरी ती निर्दोष नाही, कारण दुखऱ्या पायावरचा भार प्राणी चांगल्या पायावर टाकतो आणि त्या बाजूचा स्नायू कदाचित वाढू लागतो.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दिवस पिंजऱ्याजवळ घालवावेत. माऊसच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची श्रेणी २०१० साली आणि रॅटची २०११ साली प्रसिद्ध झाली. अर्धवट मिटलेले डोळे, मागे वळलेले कान, ताठ झालेल्या मिशा आणि रॅटच्या बाबतीत सपाट झालेले नाक व गाल या खुणा एकदा पाहिल्या की विसरता येत नाहीत. त्या दिसल्या तर तारीख-वेळ नोंदवून तत्काळ पशुवैद्यकाला बोलवावे. वेदनेत असलेला प्राणी पाय टेकत नाही, पाय न टेकल्याने स्नायू सुकतो आणि तुम्ही मोजत असलेला क्षय कंडरेमुळे आला की वेदनेमुळे हे कळेनासे होते. प्राण्याची काळजी घेणे आणि चांगले विज्ञान करणे येथे एकच काम होऊन जाते.

पाचवी पायरी : दिवस निवडा

तंतू मोडणाऱ्या यंत्रणेची एट्रोजिन-१ आणि मर्फ-१ ही जनुके सुरुवातीच्या दिवसांत वाढतात आणि नंतर खाली येतात. केवळ सहाव्या आठवड्याला नमुना घेणाऱ्याला ती शांत दिसतील आणि तो ‘या जनुकांचा संबंध नाही’ असा चुकीचा निष्कर्ष काढेल. चरबीचे उलट आहे, ती पहिल्या आठवड्यात शोधू नये. जनुकांसाठी लवकरचा आणि ऊतकासाठी उशिराचा असे किमान दोन टप्पे ठेवावेत. प्राण्यांचे वयही याच वेळी ठरवावे. बहुतेक प्रयोग तरुण प्राण्यांवर होतात आणि फाटलेल्या कंडरेचे बहुसंख्य रुग्ण उतारवयातले असतात.

सहावी पायरी : स्नायू काढणे आणि गोठवणे

येथे मी जरा थांबणार आहे, कारण माझे स्वतःचे पहिले वर्ष या पायरीवर वाया गेले.

स्नायू खवाट्यावरून अलगद सोडवून, चिकटलेले व्रणाचे ऊतक व बाहेरची चरबी काढून, लगेच वजन करावे. टिपकागदावर पाच मिनिटे ठेवलेला स्नायू वाळतो आणि वजन घटते. या ओल्या वजनावर फार विसंबू नये. सुरुवातीला सूज आणि पुढे चरबी व तंतुमय ऊतक वजनात भर घालतात, त्यामुळे खरा क्षय झाकला जातो.

नंतर स्नायू मधोमध आडवा कापून, आतला पृष्ठभाग वर ठेवून गोठवावा. स्नायू थेट द्रव नायट्रोजनमध्ये टाकण्याचा मोह होतो. तो आवरावा. तसे केल्यास स्नायूभोवती वायूचे आवरण तयार होते, थंडी हळू आत शिरते आणि तंतूंच्या आत बर्फाचे स्फटिक वाढतात. मी नेमके हेच केले होते. सूक्ष्मदर्शकाखाली सर्वत्र गोल पांढरी भोके दिसली आणि मी ती आनंदाने चरबी म्हणून मोजली. मार्गदर्शकांनी स्लाइड पाहून एकच प्रश्न विचारला, भोके तंतूंच्या आत आहेत की तंतूंच्या मध्ये. चरबीच्या पेशी तंतूंच्या मध्ये असतात, बर्फाने तंतू आतून जाळीदार होतो. त्या महिन्याचे सर्व नमुने बाद झाले.

योग्य पद्धत अशी आहे. धातूच्या भांड्यात आयसोपेंटेन हे द्रव घेऊन ते भांडे द्रव नायट्रोजनमध्ये अर्धे बुडवावे आणि तळाशी पांढरे गोठलेले थर दिसू लागेपर्यंत थांबावे. तेव्हा आयसोपेंटेन पुरेसे थंड झालेले असते. मग नमुना त्यात काही सेकंद बुडवून काढावा आणि उणे ऐंशी अंशांवर ठेवावा. हे काम हवेशीर जागी, हातमोजे व चष्मा घालून आणि ज्योतीपासून दूर करावे, कारण आयसोपेंटेन सहज पेटते.

सातवी पायरी : रंगवणे आणि मोजणे

चरबीसाठी ऑइल रेड ओ हा रंग वापरतात. त्यासाठी गोठवलेला काप लागतो, कारण मेणात बसवण्याच्या प्रक्रियेतील अल्कोहोल व झायलीन चरबी विरघळवून टाकतात. रंगवल्यानंतरही स्लाइड पाण्यात विरघळणाऱ्या माध्यमानेच झाकावी. काच ठेवताना दाबू नये, नाहीतर लाल थेंब फुटून शेजारच्या तंतूंवर पसरतात आणि सगळा काप गुलाबी दिसू लागतो. नमुने मेणात बसवूनच ठेवले असतील तर चरबीच्या पेशीत असणाऱ्या पेरिलिपिन या प्रथिनाचा प्रतिपिंडाने शोध घेता येतो. तंतुमय ऊतकासाठी पिक्रोसिरियस रेड किंवा मॅसन ट्रायक्रोम आणि तंतूच्या कडेसाठी लॅमिनिन वापरावे.

तंतूचे क्षेत्रफळ मोजताना काप तिरपा पडला तर गोल तंतू लंबगोल दिसून क्षेत्रफळ फुगते. सुप्रास्पायनेटसचे तंतू मुळात तिरपे असल्याने ही चूक येथे फार होते. म्हणून क्षेत्रफळासोबत तंतूची सर्वांत कमी रुंदी मोजावी, जिच्यावर तिरपेपणाचा परिणाम कमी होतो. चरबी एकाच कापावर मोजू नये. कंडरेजवळ, मध्यभागी आणि खवाट्याकडच्या टोकाला असे तीन स्तर घेऊन, सबंध काप मोजावा. ‘प्रातिनिधिक’ म्हणून निवडलेला चौकोन जवळजवळ नेहमीच जास्त लाल असतो. मोजणाऱ्याला स्लाइड कोणत्या गटाची आहे हे ठाऊक नसावे. लेबलवर चिकटपट्टी लावून कोणा सहकाऱ्याने सांकेतिक क्रमांक घालणे एवढे त्याला पुरते.

संख्याशास्त्रात एक चूक इतकी सर्रास होते की ती वेगळी सांगणे आवश्यक आहे. पाच उंदरांच्या प्रत्येकी दोनशे तंतूंची मोजणी करून नमुन्याची संख्या एक हजार लिहिणे चुकीचे आहे. एकाच प्राण्याचे तंतू एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, त्यामुळे संख्या पाचच राहते, आणि आलेखातही पाच ठिपके दिसले पाहिजेत.

अहवाल लिहिताना प्राण्याची जात, वय, लिंग, वजन, कोणता खांदा, चेता तोडली की नाही, कंडरेचे टोक झाकले होते का, नमुना घेताना ती आपोआप जुळलेली आढळली का, आणि किती प्राणी कोणत्या कारणाने वगळले हे सर्व लिहावे. २०१० मध्ये आलेल्या आणि २०२० मध्ये सुधारलेल्या, प्राण्यांवरील प्रयोगांचा अहवाल कसा लिहावा हे सांगणाऱ्या ‘अराइव्ह’ मार्गदर्शक सूचनांत ही यादी तयार मिळते. ती प्रयोग संपल्यावर उघडण्याऐवजी फॉर्म बी भरण्याच्या आठवड्यातच छापून वहीच्या पहिल्या पानावर चिकटवावी, कारण कंडरा जुळली होती का, यासारख्या बाबी शवविच्छेदनाच्या दिवशी टिपल्या नाहीत तर पुढे त्या कोणत्याच स्लाइडवरून काढता येत नाहीत.